मागची डावी बाजू

चैत्र लागला की गाडीचं दार उघडायला जिवावर येतं. दिवसभर कंपनीच्या पार्किंगमध्ये उन्हात उभी असलेली गाडी. दार उघडलं की आधी वाफ तोंडावर येते आणि तिच्या मागोमाग तो वास. तापलेल्या चामड्याचा, त्यावर चोळलेल्या क्रीमचा, आणि सगळ्याच्या तळाशी अजून उरलेल्या रंगाचा. पावसाळ्यात, थंडीत तो कुठं दडून बसतो कोण जाणे, पण चैत्रात नेमका हजर होतो. मी चारी काचा खाली करतो आणि रांजणगावच्या चौकापर्यंत तशीच चालवतो. सोबत येणारे हसतात. "लेदरच्या शिटा आन् ह्यो टेम्पोत बसल्यावानी काचा उघड्या टाकून चाललाय!" त्यांचं बरोबर आहे. मी पण हसतो. हसणं मला फार लवकर येतं, आणि त्याचीच ही सगळी गोष्ट आहे.

यंदा गाडी विकायला काढली. रविवारी कासुर्डीचा एक जण बघायला येणार होता, म्हणून शनिवारी फडकं घेऊन सीटा पुसायला बसलो. पुढच्या दोन्ही सीटांवर बारीक सुरकुत्या पडल्यात. वापरातल्या चामड्यावर त्या पडायच्याच, तो दोष नव्हे. मागची उजवी बाजू मुलांनी चढून-उतरून मऊ केली आहे. मागची डावी मात्र तशीच आहे. तीन वर्षांपूर्वी शेवटचा हात मारून मी तिच्यावरून बोट फिरवलं होतं, तेव्हा होती तशी. मी मुलांना कधी तिकडं बसू नका म्हणालो नाही. त्यांनीच कधी ती जागा घेतली नाही. घरातली पोरं न सांगता बरंच काही शिकतात.

त्या वर्षी आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, किडन्या गेल्या होत्या. मंगळवारी आणि शुक्रवारी दौंडला डायलिसिस. आप्पा रेल्वेत, केडगाव स्टेशनच्या गँगमधले. खांद्यावर हातोडा घेऊन उभी हयात रुळाच्या कडेनं चालले. पायाखालच्या खडीचा आवाज ऐकून कुठला स्लीपर ढिला झालाय ते सांगणारा माणूस. त्या माणसाला आता दिवसभरात किती घोट पाणी प्यायचं हे डॉक्टरांनी ठरवून दिलं होतं, आणि तेही आमच्याकडच्या उन्हाळ्यात. आई स्टीलच्या वाटीत बर्फाचे बारके तुकडे आणून द्यायची. आप्पा एक तुकडा जिभेवर ठेवून डोळे मिटायचे, तो विरघळेपर्यंत कुणाशी बोलायचे नाहीत. घरात माठ होता, पण त्यांच्यासमोर आम्ही कुणी त्यातलं पाणी पीत नव्हतो. आत जाऊन, भांड्याचा आवाज न करता, चोरासारखं प्यायचो.

डाव्या हातात त्यांच्या शिरा जोडल्या होत्या, मशीनची सुई टोचण्यासाठी. त्या जागी बोट ठेवलं की कातडीखाली सतत काहीतरी थरथरत असायचं. पहिल्यांदा मी दचकलो. आप्पा म्हणाले, "भितोस काय? इंजन चालू हाय." पुढं रोज सकाळी कामावर निघताना मी त्यांच्या हातावर बोट ठेवायचो आणि विचारायचो, "चालू हाय का?" ते म्हणायचे, "चालू हाय, जा तू." आमच्या घरात एकमेकांना हात लावायची फारशी पद्धत नाही. तेवढं एक निमित्त मिळालं होतं.

आमच्या न्हावऱ्याहून दौंडपर्यंत एसटी. जाताना ठीक, पण येताना मशीनवरून उठलेला माणूस पिळून काढलेल्या धोतरासारखा झालेला असतो. तापलेला पत्रा, खिडकीतून येणारा फुफाटा, उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकलेली गाडी. भीमेच्या पुलावर खाली पाणी दिसायचं, तेव्हा आप्पा मुद्दाम दुसऱ्या बाजूला बघायचे. हे मला बघवेना, म्हणून मी जुनी गाडी घेतली. पुण्याच्या कुणा साहेबाची होती. इंजिन चांगलं, पण सीटांची दशा उन्हाळ्यात फुटलेल्या टाचांसारखी. मागच्या डाव्या बाजूला तर चामडं फाटून त्याच्या कडा वाळून वर आलेल्या. हात फिरवला तर माझ्याच बोटाला ओरखडा उठला. आप्पांची कातडी तेव्हा कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती. त्यात डायलिसिसच्या दिवशी रक्त पातळ करायचं औषध द्यायचे, त्यामुळे जरा खरचटलं तरी वाहतच राहायचं.

आई म्हणाली, "गोधडी टाक की वरनं. झालं." झालं असतं. आज मी त्या गोधडीचा इतका विचार करतो. पण मला हौस. अकरा वर्षं कंपनीच्या पेंटशॉपला काढली होती. रंग जुळवणं, घासणं, पातळ हात मारणं, यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. म्हटलं, आप्पांना असं बसवतो की त्यांना कळलंच नाही पाहिजे आपण गाडीत बसलोय.

कंपनीत तेव्हा आठवड्यातून तीनच दिवस काम होतं. मी मोबाइलवर बघून बघून सामान मागवलं आणि मागची सीट काढून अंगणात कडुनिंबाखाली बाजेवर ठेवली. आधी मऊ ब्रशनं धुतली. फेस काळा यायचा, कुणाकुणाच्या अंगाचा घाम आणि तेल निघत राहायचं. मग स्पिरिटच्या बोळ्यानं जुना थर उतरवला. बारीक पॉलिशपेपर पाण्यात भिजवून घासलं. फाटलेल्या जागी आतून कापडाचा तुकडा सरकवून चिकटवला, भेगांत लुकण भरलं, वाळू दिलं, घासलं, पुन्हा भरलं. एकदम जाड भरलं तर बसल्यावर तडकतं. या कामात घाई करणाऱ्याला ते काम दुसऱ्याच दिवशी उघडं पाडतं. रंगासाठी तपकिरीत पिवळा, त्यात काळ्याचे दोन थेंब, आणि सीटच्या खालच्या न दिसणाऱ्या बाजूला लावून बघायचं. सहाव्या खेपेला तो जुळला. स्पंजनं टिपत टिपत चार हात दिले. उन्हाच्या झळेनं रंग बघता बघता वाळायचा. वस्तीत जयंतीची तयारी चाललेली, विहाराच्या कट्ट्यावर पोरं निळ्या पताका लावत होती, आणि येता-जाता थांबून म्हणत होती, "दादा, लय भारी!" मी फुललो होतो, खोटं कशाला बोलू.

आप्पा आधी त्याच कडुनिंबाखाली खाट टाकून पडायचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी खाट जरा पलीकडे घेतली. तिसऱ्या दिवशी घराच्या मागच्या बाजूला. मला वाटलं, सावली सरकतेय तशी खाट सरकवतायत. कडुनिंबाची सावली दिवसभर अंगणातच असते, हे माझ्या जन्मापासून मला माहीत होतं.

सीट पुरी झाली त्या रविवारी नाना आले. नाना म्हणजे आमच्या वस्तीपलीकडच्या बागायतीचे मालक. ऊस, कांदा, गोठा, सोसायटीत शब्दाला वजन. माणूस वाईट नाही, हे मला आधीच सांगितलं पाहिजे. आप्पा पहिल्यांदा शुद्ध हरपून पडले तेव्हा त्यांना दौंडला नेणारी जीप नानांचीच होती. ते आप्पांची विचारपूस करायलाच आले होते. गाडीत मागं डोकावले आणि थक्क झाले.

"आरं सुधीर, ही तीच गाडी का? शोरूममधनं काढल्यावानी दिसतीया की! कुठं शिकलास रं हे?"

मी सांगणारच होतो. तोंडात आलंच होतं, की नाना, अकरा वर्षं पेंटशॉपला आहे. पण त्यांनीच स्वतःच्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकलं.

"आन् शिकायचं तरी काय म्हणा त्यात. कातड्याचं काम तुमच्या लोकांच्या हातालाच असतंय. पिढीजात हाय ते, जाणार कुठं?"

त्यांच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. खरंखुरं कौतुक होतं. मी हसलो. चांगलं मोठ्यानं, अंगणभर ऐकू जाईल असं हसलो.

"माझ्या गाडीची ड्रायव्हरची शीट पार फाटलीया. दोन दिसांत पाठवून देतो, बघ जरा."

"पाठवा की नाना," मी म्हणालो.

घराच्या मागच्या बाजूला आप्पांची खाट करकरली. तेवढंच.

मंगळवारी सकाळी मी गाडी पुसून दारात लावली, मागचं डावं दार उघडून धरलं आणि हाक मारली. आई बाहेर आली. "ते कवाच गेलं. ष्टॅंडवर." मी पळत गेलो. आप्पा एसटीच्या थांब्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. मी विनवलं, चिडलो, परत विनवलं. त्यांनी फक्त रस्त्याकडे बघितलं. एसटी आली, ते चढले, मी त्यांच्यामागं चढलो. आमची नव्या कोऱ्या सीटची गाडी दारात उघड्या दारानं उभी राहिली.

येताना दौंडच्या स्टॅंडवर एसटीची वाट बघत बसलो होतो. आप्पांचे ओठ पांढरे पडलेले. मी बर्फाचा तुकडा दिला, तो त्यांनी हातातच धरला आणि बोलायला लागले. आप्पा कधी जुनं बोलत नसत. आमच्याकडे जुनं बोलणारी माणसं थोडी, कारण जुन्यात सांगण्यासारखं असतं काय? पण त्या दिवशी बोलले.

"सात-आठ वर्षांचा असंन मी. वैशाख होता. एकाचा बैल मेला. निरोप आला तसा माझा बाप दोर घेऊन निघाला, आन् त्याच्या मागं मी. त्यो बैल वढत आम्ही गावाच्या कडंनं चाललो. माणसं नाकाला धोतर लावून उभी. वाटंत एकजण म्हणला, पोरगं बी तयार झालं बरं का, बापासारखंच वढतंय. कौतुकानं म्हणला. माझा बाप हसला." आप्पा थांबले. हातातला बर्फ विरघळून मनगटावरून खाली गळत होता. "त्याच साली वस्तीची बैठक झाली. पुन्यांदा ढोराला हात लावायचा न्हाई ठरलं. बापानं दोर जाळला. दोन दिस चूल न्हवती घरात. पर त्यो परत कवा तसा हसला न्हाई."

मी म्हणालो, "आप्पा, हे ते काम नाही. मी हे कंपनीत शिकलोय. मला आवडतं."

"मला ठावं हाय. मी काय अडाणी हाय व्हय? कामाची लाज न्हाई मला. रेल्वेत मी माणसांची मढी उचलली रुळावरची, ती बी कुणी उचलीत न्हवतं. पर काम तुझं म्हून कर. तुझ्या जातीचं म्हून कुणी दिलं तर घ्यायचं न्हाई. नानानं तुझी अकरा वर्षं त्या दोराला नेऊन बांधली, आन् तू हसलास."

एसटी लागली तेव्हा उठता उठता म्हणाले, "त्याची शीट आली तर हाय तशी परत धाड. मग बसतो तुझ्या गाडीत."

इतकं सोपं होतं. बापानं अट घातली ती एवढीच, आणि तिला ना ताकद लागणार होती ना अक्कल. बुधवारी नानांचा गडी सीट टाकून गेला. मी ती उचलून परत नेऊन ठेवायची आणि म्हणायचं, नाना, मला जमत नाही. चार शब्द. मी ते घोकलेही. पण नानांची जीप आठवायची, मागच्या सीटवर आप्पांचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला मी आठवायचो, आणि वाटायचं, उपकाराची अशी फेड करायची का? शब्द दिलाय, हा एकदा पुरा करू, आणि इथून पुढं कानाला खडा. आप्पांना कळायचं कारण नाही.

म्हणून त्या शुक्रवारी मी आप्पांबरोबर दौंडला गेलो नाही. कंपनीत तातडीचं काम निघालंय म्हणून सांगितलं, बहिणीच्या नवऱ्याला, दाजींना, सोबत पाठवलं. सकाळी आप्पांच्या हातावर बोट ठेवलं, ते म्हणाले, "चालू हाय, जा तू." मग ते दोघे वळणाआड जाईपर्यंत थांबलो आणि मागच्या खोलीची दारं-खिडक्या लावून नानांच्या सीटवर बसलो. पत्र्याखाली घामाच्या धारा लागल्या होत्या. अंगणात मान वर करून केलेलं तेच काम मी कडी लावून करत होतो. भिंतीवर चौकटीत त्यांचा फोटो आहे, ज्यांच्या सांगण्यावरून माझ्या आज्यानं दोर जाळला. मी त्यांच्याकडे पाठ करून बसलो. काम मात्र चांगलं झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून काय निराळं असतं?

संध्याकाळ व्हायच्या आत सीट पोहोचवली. नानांनी पाठ थोपटली. आप्पा आले तेव्हा मी हातपाय धुऊन ओट्यावर बसलो होतो.

"आप्पा, नानांची शीट परत केली."

आप्पांनी चपला काढल्या. माझ्याजवळ आले, माझा उजवा हात उचलून डोळ्यांजवळ धरला. नखांच्या कडेला काळा रंग बसला होता. पेंटशॉपवाल्याला हे माहीत असायला हवं होतं, की नखातला रंग साबणानं निघत नाही.

"परत केली का करून दिली?" त्यांनी विचारलं.

मी बोटं मुठीत मिटली. त्यांनी हात सोडला, आपटला नाही, हळूच खाली ठेवला, आणि आईला म्हणाले, "बर्फ दे गं." मारलं असतं तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटलं आणि अजून वाटतं.

त्यानंतर मी दर मंगळवारी, दर शुक्रवारी त्यांच्याबरोबर एसटीनं गेलो. गाडीचा विषय दोघांनी काढला नाही. सकाळी मी हातावर बोट ठेवायचो, तेही ठेवू द्यायचे. फक्त "चालू हाय" म्हणायचे आणि "जा तू" म्हणायचे नाहीत. दोन शब्द कमी झाले होते, पण घर त्यानं रिकामं वाटायला लागलं. वस्तीतली माणसं म्हणायची, दारात गाडी असून बापाला एसटीनं नेतो. मी ऐकून घ्यायचो. आप्पांनीही कुणाला खरं सांगितलं नाही. माझी लाज त्यांनी स्वतःच्या हट्टाखाली झाकली, म्हणायचे, "मलाच गाडीत मळमळतंय."

वैशाख संपत आला होता. मंगळवार. मशीनवरून उठल्यावर आप्पा म्हणाले, "जरा टेकतो." आम्ही दौंडच्या स्टॅंडवर त्याच बाकावर बसलो. त्यांनी माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. तसं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं, मी हललोसुद्धा नाही. समोर ऊन नुसतं पांढरं दिसत होतं. शिरूरची गाडी लागली, माणसं धावली. मी म्हणालो, "आप्पा, गाडी आली." मग परत म्हणालो. मग त्यांच्या डाव्या हातावर बोट ठेवलं. जरा वर ठेवून बघितलं, जरा खाली, मनगटापासून कोपरापर्यंत सगळीकडं चाचपलं. कुठंच थरथर नव्हती. त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात परत नेलं, पण मला बाकावरच कळलं होतं.

दाजी न्हावऱ्याहून माझी गाडी घेऊन आले. बिचारे घाईघाईत तीच घेऊन निघाले होते. "चला, आपल्याच गाडीत नेऊ आप्पांना. मागं निजवू, मी धरून बसतो," म्हणाले आणि मागचं डावं दार उघडलं. तोच वास आला. मी म्हणालो, "नाही."

"आरं, आपली गाडी असताना..."

"ते बसत नव्हते तिच्यात, दाजी."

दवाखान्याची गाडी केली. मी आप्पांजवळ बसलो आणि मागच्या काचेतून बघत राहिलो. केडगाव गेलं, भीमेचा पूल गेला. पुलावर मी पाण्याकडे बघितलं नाही. आमच्या मागोमाग दाजी माझी रिकामी गाडी हळूहळू चालवत येत होते. बापाचा शब्द मी पाळला तो त्या दिवशी. जिवंतपणी एकदाच पाळायचा होता, तो पाळला नाही.

त्यानंतर मी चामड्याला हात लावलेला नाही. कुणी विचारलं तर जमत नाही म्हणतो. ते शब्द आता न अडखळता येतात. कधी कधी वाटतं, हेही चुकतंय. आप्पांनी काम सोड म्हटलं नव्हतं, काम तुझं म्हणून कर म्हटलं होतं. ते मला अजून जमलेलं नाही.

रविवारी कासुर्डीचा तो आला. तरतरीत, हसरा माणूस. बॉनेट उघडून बघितलं, टायर दाबून बघितले. मग मागचं डावं दार उघडून सीटवरून हात फिरवला.

"काम लय झ्याक केलंय. पुण्यात करून घेतलं का?"

अकरा वर्षं पेंटशॉपला आहे, मीच केलंय. वाक्य तयार होतं. तीन वर्षं तयार होतं.

"हो," मी म्हणालो. "पुण्यात."

त्यानं आत वाकून सीट पुन्हा दाबून बघितली. एक सुरकुती नाही, एक डाग नाही. त्याला नवल वाटलं. वळून म्हणाला, "हितं कुणी बसलंच न्हाई का हो?"

"नाही," मी म्हणालो. "ज्यांच्यासाठी केली, ते बसले नाहीत."